पाव्हण्याला वाट सांगणारे सर

मी लिहिलेलं पहिलं पान सरांनी वाचलं आणि पाऊण तास ते काहीही न करता बसून राहिले. हाताची घडी, मान डावीकडे कललेली, नजर स्क्रीनवर. स्क्रीनवर कुठल्याशा अर्जाचं पान उघडलेलं होतं आणि त्याच्या मधोमध ते गोल चक्र फिरत होतं. बाकावर दोन गिऱ्हाइकं ताटकळत होती. मी घरी जाऊन जेवून परत आले, तरी सर तसेच.

"काय करायलात सर?"

"थांबायलो."

"कशासाठी?"

"तूच लिहिलंयस. पान पूर्ण उघडेपर्यंत थांबा. चक्र फिरायलंय, म्हंजे पान पूर्ण उघडलं न्हाई. म्हून थांबायलो."

"अहो, पण अर्ज दिसतोय की. भरता येतोय."

"मला दिसायलाय. त्याला दिसतंय का? तू म्हणलीस थांब, ते थांबलं. किती थांबायचं ते काई लिहिलं न्हाईस. आता उद्या सकाळपर्यंत उठत न्हाई ते."

मला राग आला. मला राग लवकर येतो आणि माझी चूक असेल तर आणखी लवकर येतो. मी तिथंच बसून वाक्य बदललं. जो रकाना भरायचा आहे तो दिसेपर्यंत थांबा. अर्ध्या मिनिटात दिसला नाही, तर थांबणं सोडा आणि माणसाला कळवा. सरांनी ते दोनदा वाचलं, हाताची घडी सोडली आणि गिऱ्हाइकांना म्हणाले, "या."

हे सगळं काय चाललं होतं ते आधी सांगायला हवं. आईच्या आजारपणामुळे मी पुण्याहून परभणीला परत आले होते आणि घरातूनच कंपनीचं काम करत होते. आमची कंपनी एक एजंट बनवत होती. एजंट म्हणजे कृत्रिम बुद्धीचा मदतनीस. तो माणसासारखा ब्राउझर उघडतो, पानं वाचतो, रकाने भरतो, बटणं दाबतो. त्यासाठी त्याला छोटी छोटी साधनं दिलेली असतात. एक पान उघडण्याचं, एक वाचण्याचं, एक लिहिण्याचं, एक दाबण्याचं, एक थांबण्याचं. प्रत्येक साधनाबरोबर त्याची माहिती लिहिलेली असते, आणि त्या साधनाबद्दल एजंटला ठाऊक असतं ते तेवढंच. ही माहिती लिहिण्याचं काम माझं होतं. मला वाटायचं, त्यात काय मोठंसं.

गावोगावच्या ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या केंद्रांना हा एजंट द्यायचा, असं कंपनीच्या मनात होतं. त्यामुळे अर्जांच्या खोडी माहीत असलेला माणूस हवा होता. मी क्षणभरही विचार न करता सरांचं नाव दिलं.

सरांचा पूर्वी टायपिंगचा क्लास होता. निम्म्या परभणीची बोटं त्यांनी वळवली असतील, त्यात माझीही. आमच्या हातांवर ते रुमाल टाकायचे आणि आम्ही रुमालाखाली टाइप करायचो. पुढे टायपिंगची मशिनं गेली, क्लास गेला, त्याच खोलीत दोन संगणक आले आणि सर फॉर्म भरून द्यायला लागले. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि ती कललेली मान. मान कलण्याचं कारण असं की सरांच्या टेबलावरची स्क्रीन गिऱ्हाइकाकडे तोंड करून असायची. "फॉर्म त्याचा हाय, त्यानं बगावा," असं त्यांचं म्हणणं. स्वतः सर बाजूला बसून तिरकं बघत टाइप करायचे. वर्षानुवर्षं तसं बघून मान तशीच राहिली. रस्त्यात भेटले तरी ते माणसाकडे तिरकंच बघायचे, आणि नव्या माणसाला वाटायचं की यांना आपला संशय आलाय.

लिहिलेलं तपासायची त्यांची पद्धत उलटी होती. शेवटच्या ओळीपासून सुरुवात करून वर वर जायचं. "वरून खाली वाचलं की मन स्वतःचंच भर घालतं," म्हणायचे. मी इंग्रजीत लिहायची, कारण कंपनीला इंग्रजीत हवं होतं. सर मराठीत सांगायचे. मग मी लिहिलेलं इंग्रजी मलाच पुन्हा मराठीत वाचून दाखवायला लावायचे, आणि त्यांनी सांगितलेलं तेच परत आलं का ते बघायचे. नाही आलं तर पुन्हा. एका परिच्छेदात एक दुपार जायची. मी वैतागून वही आपटली तर म्हणायचे, "आपट माय, वही काई उलटून बोलत न्हाई."

काही शब्दांना त्या खोलीत बंदी होती. जुना फळा अजून भिंतीवर होता, त्यावर खडूनं लिहिलेले: योग्य, आवश्यकतेनुसार, इत्यादी, शक्य तितक्या लवकर. "योग्य बटण दाबा म्हंजे कोणतं?" सर विचारायचे. "योग्य कोणतं ते त्याला ठाऊक असतं तर तुझा कागद वाचायला कशाला आलं असतं?" ही सवय कामापुरती राहिली नाही. एका लग्नाची पत्रिका आली तर त्यांनी यजमानांना फोन लावला, की साडेबाराचा मुहूर्त हा लिहिलेला आहे की लागणारा. यजमान महिनाभर त्यांच्याशी बोलले नाहीत.

एजंटला ते पाव्हणा म्हणत. त्याचं असं झालं. मी एका पानात लिहिलं होतं, तिसऱ्या ओळीतलं उजवीकडचं बटण दाबा. सरांनी पेन खाली ठेवलं.

"मी एकदा पेडगावला गेलो व्हतो. एका पोराच्या घरी. वेशीत एकाला घर इचारलं. तो म्हणला, म्हैस बांधलेली हाय तिथून उजवीकडं. मी गेलो. म्हैस चरायला गेलेली. अख्खं गाव पालथं घातलं, शेवटी परक्याच्याच घरी जेवून परत आलो."

"मग?"

"मग काय. म्हैस सांगू नको. जागा हलती. बटणावर लिहिलेलं नाव सांग. आन् त्या नावाचं बटण सापडलंच न्हाई, तर काय करायचं तेबी सांग. मी निदान कुणाच्या तरी ओट्यावर बसून इचारलं. हे पाव्हणं इचारत न्हाई. अंदाजानं घुसतं कुणाच्याबी घरात."

तेव्हापासून तो पाव्हणा. मी आजवर अनेक हुशार लोकांबरोबर काम केलं, पण वाचणाऱ्याची एवढी काळजी करणारा माणूस दुसरा बघितला नाही. तो वाचणारा माणूस नव्हे, यंत्र आहे, यानं सरांना काही फरक पडत नव्हता.

खरं भांडण झालं ते दाबण्याच्या साधनावरून. अर्ज भरून झाला की शेवटी 'अंतिम सादर करा' असं बटण असतं. ते दाबलं की अर्जाला कुलूप. पुढे एक अक्षर बदलता येत नाही, वर्ष गेलं तर गेलं. पुण्यातल्या आमच्या टीम-प्रमुखानं, हा माझ्याहून चार वर्षांनी लहान, हुशार आणि सदा घाईत, त्या जागी स्वतः वाक्य लिहून पाठवलं होतं: 'सर्व माहिती बरोबर आहे का असे विचारा. हो म्हटल्यास दाबा.'

सरांनी ते खोडलं. मी म्हटलं, यात काय वाईट आहे, विचारूनच तर दाबतोय.

"आपल्याकडं न्हाई कोण म्हणतंय?" सर म्हणाले. "बस इथं."

मी बाकावर बसले. पेडगावचे एक गृहस्थ दाखल्यासाठी आले होते. सरांनी त्यांचा अर्ज भरला आणि गंभीर तोंडानं वाचून दाखवला. "गाव पेडगाव, तालुका परभणी, जिल्हा गडचिरोली. बरोबर हाय ना?"

"हो सर."

नंतर एक बाई आल्या, शेजारी त्यांचा नवरा. "आडनाव हे, पत्ता हा, आन् तुमी अविवाहित. बरोबर हाय ना?"

"हो," बाई म्हणाल्या. नवऱ्यानंही मान हलवली.

मला हसू आवरेना. सर हसले नाहीत. दोन्ही अर्ज त्यांनी नीट दुरुस्त करून दिले, मग माझ्याकडे वळले. "आन् कालच्या पानात मी शेवटची दोन वाक्यं बदलली, ती बगितलीस का? बरोबर हायत ना?"

"हो सर," मी म्हटलं. मी पान उघडलंही नव्हतं. सरांनी काहीच बदललं नव्हतं.

माझं हसू तिथं थांबलं. त्या दिवशी सरांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहून घेतलं. बरोबर आहे का, असं विचारू नका. ज्याचं उत्तर नुसतं हो असं देताच येणार नाही, असा प्रश्न विचारा. अर्जातली सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट माणसाला त्याच्या शब्दांत सांगू द्या. ती अर्जाशी ताडून बघा. जुळली नाही तर बटण दाबू नका.

टीम-प्रमुखाला ते पटलं नाही. व्हिडिओ कॉलवर सरांचा अर्धाच चेहरा दिसत होता, कारण ते तिथंही बाजूलाच बसले होते. तो म्हणाला, माहिती जेवढी लांब तेवढा एजंट मंद. आणि लोकांना काम झटपट झालेलं हवंय, प्रश्नोत्तरं नकोत. परवा मी हा परिच्छेद काढतोय.

"काढा," सर म्हणाले. "पण मग माझ्या केंद्रात हे चालणार न्हाई. आन् मी सांगितलेलं एकबी पान तुमाला ठेवता येणार न्हाई. समदी काढा."

कॉल संपल्यावर मी सरांवर अक्षरशः ओरडले. पाच महिन्यांचं काम होतं. माझी नोकरी होती. एका परिच्छेदासाठी एवढं ताणायचं का?

मग सरांनी चुडाव्याच्या एका मुलीचं सांगितलं. नर्सिंगचा प्रवेश अर्ज होता. कॉलेजांच्या लांबलचक यादीतून पसंतीक्रम लावताना सरांकडून एक ओळ खालची निवडली गेली, आणि पहिल्या क्रमांकाला नांदेडऐवजी राज्याच्या पार तिकडच्या टोकाचं कॉलेज पडलं. कच्ची प्रत छापून सरांनी मुलीच्या हातात दिली होती. विचारलं होतं, बरोबर हाय ना. ती हो म्हणाली. सरांनी बटण दाबलं. जागा मिळाली ती त्या लांबच्या कॉलेजात. पहिल्या पसंतीची जागा मिळाली की ती घ्यायची, नाहीतर प्रवेशातून बाहेर, असा नियम. घरच्यांनी एवढ्या लांब पाठवलं नाही. पुढच्या वर्षापर्यंत तिचं लग्न झालं होतं.

"मी गेलो व्हतो त्यांच्या घरी," सर म्हणाले. "तिचा बाप म्हणला, तुमी इचारलं व्हतं सर, हीच हो म्हणली. तिनंबी मान हलवली. तिथंबी हो."

सरांचा आवाज नेहमीसारखाच होता. पण पेनाचं टोपण ते एकसारखं काढत होते आणि लावत होते. मला माझ्या ओरडण्याची शरम वाटली. आजही वाटते.

मी पुण्याला फोन करून एवढंच मागितलं की परिच्छेद काढण्याआधी एक चाचणी दोन्ही पद्धतींनी करू. खऱ्या माणसाबरोबर, तू स्वतः बघ. तो कबूल झाला.

पालमहून एक मुलगी वडिलांबरोबर एस.टी.नं आली होती. योगायोग म्हणा की आणखी काही, अर्ज नर्सिंगचाच, आणि त्याच दिवशी मुदत संपत होती. पसंतीची कॉलेजं तिनं वहीच्या पानावर लिहून आणली होती. आम्ही दोघांची परवानगी घेतली, पुण्याला व्हिडिओ कॉल जोडला, अंतिम बटण सरांच्याच हातात ठेवलं आणि एजंटला सुरुवात करून दिली. त्यानं पान वाचलं, वहीतल्या क्रमानं कॉलेजं भरली. पहिलं संभाजीनगर, मग लातूर, शेवटी नांदेड. एक अक्षर चुकलं नाही.

पहिल्या पद्धतीनं एजंटनं विचारलं, सर्व माहिती बरोबर आहे का?

"हो," मुलगी म्हणाली. वडील म्हणाले, "हो हो."

सरांनी बटण दाबलं नाही. मी सरांच्या परिच्छेदाची माहिती जोडली आणि एजंटला पुन्हा विचारायला सांगितलं. स्क्रीनवर प्रश्न आला: सगळीकडे जागा मिळणार असेल, तर तुम्ही पहिल्यांदा कोणत्या कॉलेजात जाल?

मुलगी वाचत राहिली. मग तिनं वडिलांकडे बघितलं.

"सांग की," वडील म्हणाले. "तुलाच जायचंय."

"नांदेड," ती म्हणाली. "शनिवारी घरी येता येतंय."

वडील बघतच राहिले. "आगं, मग शेवटी कामून लिहिलंस? मला वाटलं तुलाच मोठं शहर पायजे, म्हून मी ते म्हणलो."

"आधी तुमी म्हणलेलं लिहिलं. मग शाळेतले मास्तर म्हणले ते. मग माझं."

एजंटनं लिहिलं, तुमचं उत्तर अर्जातल्या पहिल्या क्रमांकाशी जुळत नाही, मी थांबतो आहे. सरांनी क्रम बदलला, तिच्याकडून तिन्ही नावं तोंडी वदवून घेतली आणि मगच बटण दाबलं. पुण्याहून टीम-प्रमुख म्हणाला, "राहू दे तो परिच्छेद." मी त्याच्यावर बरीच वर्षं चिडते आहे, पण त्या दिवशी तो मला आवडला.

मला वाटलं, आता सर खूश होतील. सरांनी त्या पानाची मराठी प्रत छापून घेतली, घडी करून खिशात ठेवली आणि विचारलं, "चुडाव्याला येतीस का?"

आम्ही रेल्वेनं गेलो. तिला गावातच दिलेली होती. ओसरीत शिलाई मशीन, भोवती ब्लाउजांचे कापलेले तुकडे. सरांना बघून ती लगबगीनं उठली, पाया पडली. सरांनी कागद तिच्या हातात दिला. "तुझ्यापायी हे लिहिलंय माय. वाच."

तिनं उभ्याउभ्याच वाचलं. सावकाश, एकेक ओळ. मी तिच्या तोंडाकडे बघत होते आणि मनातल्या मनात सरांसाठी काहीतरी चांगलं ऐकू येण्याची वाट बघत होते.

"चांगलं हाय सर," ती म्हणाली. मग थांबली. "पण एक सांगू का?"

"सांग."

"मला तवा दिसलं व्हतं. तुमी कागद दिला त्यात. पहिल्या नंबरला नांदेड न्हाई, हे वाचलं व्हतं मी."

सर उभेच होते. "मग बोलली कामून न्हाईस?"

"तुमी सर. बाबा शेजारी बसलेले. म्होरं लोक. सरांचं चुकलं असं मी म्हणू का? मला वाटलं, सरांनी काई इचार करूनच लिहिलं असंल." तिनं कागदाकडे पुन्हा बघितलं. "आन् हा असा प्रश्न इचारला असता ना सर, तरीबी मी कागदावरचंच नाव सांगितलं असतं."

तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिनं आम्हाला बसायला सतरंजी टाकली आणि आत चहा ठेवायला गेली. सर बसले नाहीत. ती चहा घेऊन आली तेव्हा त्यांनी कप हातात घेतला आणि तसाच धरून म्हणाले, "माझं चुकलं व्हतं. तुझ्या घरी आलो तवाबी फॉर्ममदी गल्लत झाली म्हणलो. मी केली, असं म्हणलो न्हाई."

तिनं पदरानं तोंड पुसलं आणि म्हणाली, "चहा घ्या सर, निवायलाय."

परतीच्या गाडीला वेळ होता. स्टेशनच्या बाकावर सरांनी तो कागद मांडीवर घेतला आणि परिच्छेदाच्या आधी, समासातल्या मोकळ्या जागेत, दोन ओळी लिहिल्या. मग शेवटापासून वरपर्यंत वाचून माझ्याकडे दिल्या. प्रश्न विचारण्याआधी माणसाला हे सांगा: अर्ज भरताना माझं चुकलेलं असू शकतं. चूक दाखवली तर मला राग येणार नाही.

सर आता लातूरला लेकीकडे असतात. केंद्र बंद झालं. त्या दोन ओळी मी चुडाव्याहून आल्याच्या दुसऱ्याच दिवशी इंग्रजीत करून पाठवल्या होत्या, सरांना पुन्हा मराठीत वाचून दाखवून, तेच परत आलंय याची खात्री करून. तासाभरात पुण्याहून फोन आला. पहिली ओळ समजली, टीम-प्रमुख म्हणाला, पण दुसरी कशाला? एजंटला राग येतच नाही.

मी म्हटलं, ते तुला माहीत आहे. समोर बसलेल्या मुलीला कुणीतरी सांगायला हवं.